पोळ्याच्या दिवशी झुलाघर बंद

बैलाच्या शिंगांना रंग लावताना कोणीतरी त्याचा कान धरून ठेवावा लागतो. नाहीतर तो मान झटकतो आणि रंग लावणाऱ्याचंच तोंड लाल होतं.

वॅगनीच्या दाराची कडी गंजलेली असली, तर एकीने ती वर उचलायची आणि दुसरीने खालून लाथ घालायची.

विहिरीत लाल दवा टाकली की पाणी जांभळं दिसतं. त्या दिवशी बाया घागरी घेऊन नदीवर जातात.

"शमीम, चौकट खरवडू नको."

अंधारात डोळ्यातली बाहुली मोठी होते, उजेडात बारीक. अफू चाटवलेल्या लेकराची अंधारातही बारीकच राहते, मोहरीच्या दाण्याएवढी.

खाणीच्या कायद्यात मूल म्हणजे सहा वर्षांच्या आतलं.

कागदावर शिशुगृह. बायांच्या तोंडी झुलाघर.

*

चांदा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता तेव्हाची गोष्ट. वर्धा नदीच्या काठी जंगल तोडून काढलेली एक कोळशाची खाण होती. बायांना खाली उतरायची बंदी होती, म्हणून त्या वर, रेल्वेच्या सायडिंगवर, टोपल्यांनी वॅगनी भरायच्या. त्यांची तान्ही लेकरं चिंचेखाली टोपल्यांतच निजलेली असायची. लेकरं दुपारपर्यंत इतकी शांत कशी निजतात, हे साहेबलोकांना कळत नसे. बायांना कळत असे. सकाळी निघताना अफूची इवलीशी गोळी दुधात उगाळायची, बोटाच्या टोकाने लेकराच्या जिभेला लावायची, की मग ट्रॉली उलटली तरी लेकरू हलत नाही.

पुढे कायदा आला, कायद्यामागून तपासणारा साहेब आला, आणि कंपनीने खाणीतले दिवे ठेवायच्या दिवाघरापलीकडची एक लांबट खोली लेकरांसाठी दिली. छताच्या लोखंडी दांडीला कापडी झोळ्या टांगल्या. दुधाच्या पावडरीचे डबे आले. आणि लेकरं सांभाळायला सुरय्या आली.

सुरय्याचा नवरा खाणीच्याच वर्कशॉपात लोहार होता. कावीळ होऊन गेला. कंपनीने त्याच्या बदल्यात तिला हे काम दिलं, आणि तिने ते असं अंगावर घेतलं की खोली बांधणाऱ्यालाही वाटावं, ही हिच्याचसाठी बांधली. आवाज मोठा, हात हलका. रडणाऱ्याला ती खांद्यावर टाकायची, चावणाऱ्याला पायात धरायची, आणि दाराशी उभ्या आईला म्हणायची, "जा आता, पाहत नको बसू. तू पाहत राह्यली तं हा रडत राहीन."

झुलाघराच्या पहिल्याच पावसाळ्यात एक पोरगी झोळीतून उठलीच नाही. तिच्या आईने तिला घरून चाटवून आणलं होतं. सवयीने, कोणी मागितलं नसताना. दुपारी दूध पाजायला सुरय्याने उचललं तेव्हा पोरीची मान मागे गेली ती गेलीच.

तेव्हापासून सुरय्या दारात उभी राहून रोज प्रत्येक लेकरू तपासायची. उजेडाकडे पाठ करायची, डोळ्यांवर तळहाताची सावली धरायची आणि बाहुली बघायची. मोठी झाली तर आत. बारीकच राहिली तर आईसकट परत. एवढ्याने भागेना, तेव्हा तिने दोघींची नावं ऑफिसात सांगितली. दोघींची टोपली गेली, म्हणजे कामच गेलं. त्यातली एक लेकरू घेऊन कुरखेड्याकडे माहेरी निघून गेली; दुसरीचं काय झालं ते कोणी बोलत नाही.

त्यानंतर मजुरांच्या चाळीत गोळी द्यायचं बंद झालं.

म्हणजे सुरय्याला तसं वाटायचं.

*

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, पोळा सणानिमित्त कार्यालय, शाळा व शिशुगृह बंद राहील. सायडिंगवरील काम नेहमीप्रमाणे चालू राहील.

*

यात कोणाचं काही वाईट करायचा हेतू नव्हता. खाणीतले अर्धे गडी आसपासच्या खेड्यांतले. पोळ्याला ते आपापल्या बैलांकडे जातात. त्यांना कोणी अडवत नाही, आणि अडवलं तरी ते थांबत नाहीत. शाळेचे गुरुजी सणाला घरी जातात. ऑफिसचे बडे बाबू गुणवंतराव यांच्या घरी पुरणपोळी असते. झुलाघराचा पगार ऑफिसच्या खात्यातून निघायचा, म्हणून झुलाघरही ऑफिससारखंच बंद. वॅगनी तेवढ्या रेल्वेच्या. त्या आल्या की भराव्या लागतात, आणि गडी नसले तर बायांनी जास्त भराव्या लागतात.

*

सकाळी बाया आधी झुलाघराच्या दारापर्यंत गेल्या, कुलूप हलवून पाहिलं, आणि तशाच चालत सुरय्याच्या खोलीसमोर आल्या. प्रत्येकीच्या कडेवर एकेक.

"सुरय्याबाई, कुलूप काऊन वो?"

"पोळा आहे ना. कागद नाई वाचला?"

"कागद वाचता आला असता तं टोपली काऊन उचलली असती?"

बाया हसल्या. सुरय्याही हसली, पण दारातून बाजूला झाली नाही. तिच्या मागे शमीम उभी होती. आठ वर्षांची, केसांना लाल रिबीन, डोळ्यांत काजळ, आणि नखाने चौकट खरवडत. आज अम्मी तिला शेजारच्या गावात बैल दाखवायला नेणार होती. शमीमची सगळी वाढ दुसऱ्यांच्या लेकरांच्या रडण्यात झालेली. झुलाघरात ती वयाने बसत नव्हती, शाळा सुटली की तिथेच कोपऱ्यात बसायची, आणि अम्मीला काही सांगायचं असलं तर दोन लेकरांच्या रडण्यामधली फट शोधायची.

"आज माही सुट्टी आहे," सुरय्या म्हणाली. "वरीसभर तुमची खेळवली. आज माही पोरगी."

"बैलालेबी सुट्टी, बड्या बाबूलेबी सुट्टी," कमळा म्हणाली. "आमीच तेवढ्या राह्यलो."

कमळा सायडिंगवरची तरणी बाई, बोलायला कोणाला भीत नसे. तिच्या कडेवर दसरू. दसऱ्याला जन्मला म्हणून दसरू. आता त्याचा दुसरा दसरा येत होता. नुकताच धरून धरून चालायला लागलेला, गुबगुबीत, कोणाकडेही जाणारा.

"लच्छू कुठी गेला तुहा?" सुरय्याने विचारलं.

"गेला गावाले. भावाचे बैल धुवाले."

"आन पोरगं?"

"पोराले शिंगं असती तं त्यालेबी धुतलं असतं."

या वेळी बाया इतक्या हसल्या की कडेवरची दोन लेकरं रडायला लागली. मग कमळा पुढे झाली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बाई, एकट्या दसरूले ठेव. तुले ठाऊक हाय, तो रडत नाई. मुकादमानं सांगून ठेवलं, आज जिनं दांडी मारली तिची टोपली दुसरीले देतो."

"एकाले ठेवलं तं साऱ्याईले ठेवा लागन. बघ ना, साऱ्या उभ्या आहेत."

कमळाने मागे पाहिलं. साऱ्या उभ्या होत्या.

"गुणाबाईकडे ठेव," सुरय्या म्हणाली. "ती रिकामीच आहे."

सायडिंगचा भोंगा झाला. बाया पांगल्या. कोणी सासूकडे, कोणी थोरल्या पोरीकडे, कोणी लेकरू टोपलीत घालून तशीच सायडिंगवर. कमळाने दसरूला खांद्यावर घेतलं आणि चाळीच्या टोकाकडे गेली. दसरूने सुरय्याकडे पाहून हात पुढे केले. रोज सकाळी तो असाच तिच्याकडे झेपावायचा.

सुरय्याने दार लावून घेतलं.

*

दाराच्या मागे:

"अम्मी, ते गेले?"

"गेले."

"मंग आपन कवा जाऊन राह्यलो?"

"बैल दुपारी सजतात. आत्ता जाऊन काय गोठे पाहतं?"

*

गुणाबाई पूर्वी सायडिंगवरच होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा तिने टोपली सोडली. आता ती लेकाच्या खोलीत बसून असायची आणि माणसं चालीवरून ओळखायची. लेकरू सांभाळायला तिची ना नव्हती; फक्त ते पळालं तर ती धावू शकत नसे.

दुपारच्या आत, सुरय्या रोट्या फडक्यात बांधत असताना, भिंतीला हात लावत लावत गुणाबाई तिच्या दारात आली. खांद्यावर दसरू.

"पाय बरं वो बाई. पोरगं गुमान झोपलं हाय. लय गुमान झोपलं."

सुरय्याने दसरूला घेतलं. रोज घ्यायची, त्यामुळे हातांना त्याचं वजन पाठ होतं. आज ते वजन खाली ओघळत होतं. तिने पाठ उजेडाकडे केली, तळहाताची सावली धरली आणि पापणी वर केली.

मोहरीचा दाणा.

तिने त्याच्या मांडीला चिमटा काढला. जोरात काढला. दसरूच्या कपाळावर एक आठी आली आणि मिटली. ओठ जांभळट झाले होते. श्वास चालू होता, पण एक श्वास झाला की दुसऱ्याची वाट पाहावी लागत होती.

"काय दिलं?"

"काई नाई."

"गुणाबाई, काय दिलं?"

"बोटाले लागन तेवढीशी. रडून राह्यला होता. मले दिसत नाई, आन ते चुलीकडं सरकलं असतं तं?"

"कमळानं सकाळी दिली होती का?"

"तिनं काई सांगतलं नाई. म्या बी इचारलं नाई."

"काऊन नाई इचारलं?"

गुणाबाईचे पांढुरके डोळे सुरय्याच्या आवाजाच्या दिशेने वळले.

"तुह्या भेवानं."

*

हे सकाळीच घडून गेलं होतं, पण कळलं नंतर: कमळा सुरय्याच्या दारातून निघाली ती आधी आपल्या खोलीत गेली. तुळईच्या फटीत चिंधीत बांधलेली गोळी होती. तिने ती दसरूला दिली, मग त्याला गुणाबाईकडे नेलं आणि म्हणाली, "झोपन आता. त्रास नाई द्याचा." गोळीचं नाव काढलं नाही. गुणाबाईची जीभ सैल, ती सुरय्याला सांगेल, आणि सुरय्या ऑफिसात सांगेल.

दसरू थोडा वेळ खेळला, मग कुरकुरायला लागला. गोळी अजून अंगात भिनली नव्हती. गुणाबाईने आपल्या चंचीतून आपली गोळी काढली. ती तिची स्वतःची, गुडघ्यांसाठीची. तिने कोणाला विचारलं नाही, कारण असं विचारणं म्हणजे आपल्या घरात आहे हे सांगणं.

पूर्वी असं होत नसे. पूर्वी बाया एकमेकींना उघड विचारायच्या, "दिली का वो?" मीठ विचारावं तसं.

*

दवाखान्यात कंपाउंडर इनायत एकटाच होता. सायडिंग चालू म्हणून दवाखाना चालू. डॉक्टर चांद्याला गेले होते. इनायत टेबलावर पाय टाकून बसला होता. सुरय्याला अशी धावत येताना पाहून त्याने पाय खाली घेतले.

"डॉक्टरसाहेब?"

"सुट्टीवर. काय झालं?"

"अफू. दोनदा गेली असन. दोघींनी दिली असन."

इनायतने आणखी काही विचारलं नाही. दसरूला टेबलावर आडवं केलं, रबराची बारीक नळी पाण्यात भिजवली आणि सुरय्याला म्हणाला, "डोकं धर. हलू देऊ नको. आणि तू रडू नको, टेबलावर पाणी सांडतं."

"मी कुठी रडून राह्यली?"

"मग ठीक."

लाल दवेचं गुलाबी पाणी नळीने आत गेलं आणि मळकट तपकिरी होऊन बाहेर आलं. पुन्हा गुलाबी गेलं, पुन्हा तपकिरी आलं. होता होता गुलाबीचं गुलाबीच बाहेर यायला लागलं. तेवढ्यात दसरूला एकदा उबळ आली, त्याने डोळे अर्धे उघडले, आणि सुरय्याला वाटलं, झालं. इनायतने नकारार्थी मान हलवली.

"पोटातलं निघालं. रक्तात गेलं ते मी कुठून काढू? आता याला झोपू द्यायचं नाही. झोपला की श्वास घ्यायचं विसरेल."

"कुठवर?"

"आपणहून रडेपर्यंत. चिमटा काढल्यावर रडला तर तो हिशेबात धरू नको. कोणी हात न लावता, आपणहून."

दारात गुणाबाई भिंतीला धरून उभी होती. मागे शमीम, फडक्यात बांधलेल्या रोट्या घेऊन.

"मायले सांगा लागते," गुणाबाई म्हणाली.

सुरय्या थांबली. सायडिंग तिथून दिसत होतं; कोळशाची काळी धूळ आणि तिच्यात वर-खाली होणाऱ्या टोपल्या. त्यातली कोणती कमळाची ते इथून कळत नव्हतं.

"सांगतलं तं ती टोपली टाकून पळत येईन. मुकादम तिच्या मागं येईन. काऊन पळाली ते इचारन. मंग?"

"आन पोरगं गेलं तं? मायच्या माघारी?"

सुरय्याने दसरूला उभं खांद्यावर घेतलं आणि इनायतला म्हणाली, "तू कोणाले सांगू नको."

"कोणाला सांगू? सगळे पोळ्याला गेलेत."

*

त्या दुपारी झुलाघराचं कुलूप कोणी उघडलं नाही. किल्ली गुणवंतरावांच्या घरी होती, आणि ते जेवून वामकुक्षीला पडले होते. झुलाघरात पाणी होतं, टप होता, मोठी मोकळी जमीन होती. सुरय्या दसरूला घेऊन चाळीच्या दोन रांगांमधल्या चिखलात फिरत राहिली. पाऊस आदल्या रात्री पडून गेलेला. ती त्याच्या तोंडावर पाणी मारायची, कानाशी टाळी वाजवायची, तळपायावर चापट्या मारायची, त्याचं नाव घेऊन ओरडायची. दसरू कुरकुरायचा आणि पुन्हा तिच्या मानेत तोंड घालायचा. तीच तर त्याची रोजची झोपायची जागा. तो तिच्या अंगावर आला की झोपायलाच शिकलेला होता.

तिने त्याला अंगापासून दूर, हातभर अंतरावर धरलं. हात भरून आले.

"अम्मी," शमीम म्हणाली, "पोळ्यात चाल ना."

सुरय्या थांबली. आधी तिच्या तोंडावर राग आला. पोरीला अजून बैलच सुचतात!

"तुले काई समजते का? इथी लेकरू..."

"तिथी लई आवाज असते," शमीम म्हणाली.

*

आवाज असा होता: डफडी, सनई, बैलांच्या गळ्यांतल्या घंटा आणि घुंगरमाळा, पोरांच्या शिट्ट्या, झडत्यांची पोळ्यातली गाणी म्हणणाऱ्यांचे बसलेले गळे, आणि प्रत्येक झडतीच्या शेवटी अख्ख्या गावाने मिळून केलेला महादेवाचा गजर, ज्याने जवळची कुत्री दूर पळत.

वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. त्याखाली बैल ओळीने उभे. अंगावर झुली, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंगं. त्यांच्या मागे मालक नव्या धोतरात. सुरय्या सरळ वाजवणाऱ्यांच्या घोळक्यात शिरली. आजपर्यंत ती पोळ्याला आली तरी दूर, बायांच्या मागे उभी राहायची. लोकांनी बाजूला होऊन जागा दिली, कारण काय चाललंय ते कोणाला कळेना.

पाटलाचा माणूस म्हणाला, "बाई, मागं सर. बैल बुजतील."

"बुजू दे."

"अवं, पण..."

"लेकराले झोपू द्याचं नाई," सुरय्या ओरडून म्हणाली. तिथे ओरडल्याशिवाय काही ऐकूच येत नव्हतं. "झोपला तं मरन!"

डफडं वाजवणारा दादाजी म्हातारा होता. त्याने वाजवता वाजवताच दसरूकडे पाहिलं. लोंबकळती मान, जांभळट ओठ. त्याने हे पूर्वी पाहिलं असावं, कारण त्याने काही विचारलं नाही. दोन पावलं पुढे आला आणि डफडं दसरूच्या कानाजवळ आणून अशी थाप मारली की सुरय्याच्याच छातीत दणका बसला.

दसरूने डोळे उघडले.

मिटले.

पुन्हा थाप. पुन्हा उघडले.

दादाजीने मग तोरणाकडे पाठ केली आणि एका लेकरासाठी वाजवायला लागला. झडत्या म्हणणाऱ्यांनी एकदोनदा त्याच्याकडे पाहिलं, चाल चुकली म्हणून. मग तेही नाद सोडून आपलं आपलं म्हणत राहिले. सुरय्या दसरूला हातांवर उभा धरून नाचवत होती. शमीम खाली बसून त्याचे तळपाय चोळत होती, आणि मध्येच मान वर करून विचारत होती, "अम्मी, रडला?"

"नाई."

"अम्मी, आता?"

"हा चिमट्याचा आहे. हिशेबात नाई."

पाटलाने तोरण तोडलं. बैल सुटले. घुंगरांचा एक लोंढा चिखल उडवत त्यांच्या बाजूने गेला, पोरं त्यामागे, धोतरं वर धरून मालक त्यामागे. गजर झाला तो शेवटचा. मग घोळका पांगला, जो तो आपल्या घरी, बैलांना ओवाळायला. सनईवाला लाळ पुसायला थांबला. दादाजीनेही हात खाली सोडले. त्याची बोटं सुजली होती.

एकदम सगळं शांत झालं.

कोणी दसरूला हात लावत नव्हतं. शमीमने पाय सोडले होते. सुरय्याने त्याला फक्त काखांखाली हात घालून धरलेलं होतं, आणि तिला त्याचा श्वास ऐकू येत होता. मग तोही ऐकू येईना, आणि ती त्याच्या तोंडाकडे कान नेत असतानाच दसरूने खालचा ओठ बाहेर काढला.

आधी आवाज आलाच नाही. मग आला. भुकेल्या, चिडलेल्या लेकराचा येतो तसा, मोठा, लांब, श्वास संपेपर्यंतचा. संपल्यावर त्याने नवा श्वास घेतला आणि पुन्हा रडायला लागला.

"हा आपनहून आहे," शमीम म्हणाली.

सुरय्याने दसरूला छातीशी घट्ट धरलं. दादाजी म्हणाला, "रडू दे, रडू दे. लय दिवसांनी असा रडका पोळा पाह्यला." आणि खाली बसून त्याने बिडी पेटवली.

*

कमळा आली तेव्हा दिवस मावळतीला गेला होता. डोक्यापासून पायापर्यंत काळी, फक्त डोळे आणि दात तेवढे पांढरे. ती गुणाबाईकडे जाऊन आली होती, गुणाबाईने दार उघडलं नव्हतं, आतूनच म्हणाली होती, "सुरय्याकडं हाय."

दसरू सुरय्याच्या उंबऱ्यात बसून भाताची पेज खात होता. खाताना मध्येच हुंदका देत होता.

"रडला का?" कमळाने विचारलं.

"रडला. लय रडला."

"तो कदी रडत नाई."

"सकाळी किती दिली होती?" सुरय्याने विचारलं.

कमळाने टोपली खाली ठेवली, डोक्यावरची चुंबळ काढली आणि ती हातात फिरवत उभी राहिली.

"सासू सांगते तेवढीच," शेवटी ती म्हणाली. "जास्त नाई दिली."

"गुणाबाईनंबी दिली."

कमळा तिथेच, चिखलात, खाली बसली. तिने दसरूला ओढून घेतलं. त्याच्या पाठीवर, डोक्यावर, पेजेने माखलेल्या तोंडावर तिच्या पंजांचे काळे ठसे उमटले. दसरू पुन्हा रडायला लागला, आणि ती त्याला गप्प करेना. सुरय्याने झालं ते सगळं सांगितलं. दवाखाना, नळी, पोळा. सायडिंगवर निरोप का नाही धाडला तेही सांगितलं.

"मले सांगाले पाह्यजे होतं," कमळा म्हणाली.

"हो."

"मेला असता तं? म्या तिकडं टोपली उचलत राह्यली असती."

"हो," सुरय्या म्हणाली. "मले दुसरं काई सुचलं नाई."

कमळाने तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात उपकार होते की शिव्या, ते काळ्या तोंडावर कळत नव्हतं. मग तिने विचारलं, "हापिसात नाव देशीन?"

"नाई."

"मंग उद्या आनू?"

"आन. आन दिली असली तं सांगत जा. मी परत धाडनार नाई, त्याले वेगळा ठेवीन, जागा ठेवीन. सांगतलं तं मी कोणाले बोलनार नाई. आन नाई सांगतलं तं..."

पुढची धमकी तिने दिली नाही. एरवी दिली असती.

कमळा उठली. दसरूला खांद्यावर टाकलं, टोपली कडेला घेतली. चार पावलं जाऊन वळली.

"बाई, पुढं दसरा हाय. मंग दिवाळी. तवाबी कुलूप राहीन?"

"राहीन."

"मंग?"

सुरय्याने मागे पाहिलं. शमीम दाराच्या आत, भिंतीला टेकून, तोंड उघडं टाकून झोपली होती. रिबीन सुटून गळ्यात आली होती. अख्ख्या पोळ्यात तिने बैल पाहिलेच नव्हते. ती खाली बसून पाय चोळत होती. रोट्यांचं फडकं तसंच बांधलेलं, तिच्या उशाशी.

"माह्या घरी आन," सुरय्या म्हणाली. "साऱ्याईले सांग, इथी आना. पन हिले इचारून. ती उठली का इचारतो."

"आन हिनं नाई म्हटलं तं?"

"नाई म्हटलं तं पाहू."

कमळा गेली. चाळीच्या टोकापर्यंत दसरूचं रडणं ऐकू येत होतं. आजूबाजूच्या दारांतून एकदोघींनी डोकावून विचारलं, कोणाचं वो इतकं रडून राह्यलं, आणि कमळाने मोठ्याने सांगितलं, "माहं."

*

पोळ्याला झुलाघर बंद ठेवायचं ज्या बैठकीत ठरलं, तिथे चहाचे कप सुरय्याच आत घेऊन गेली होती, आणि सुट्टीचं ऐकून खूश होऊन बाहेर आली होती.